विकतचा घाम

मराठी मध्यमवर्गीय माणसाला आराम फुकट मिळालेला पचत नाही. तो आधी कमवावा लागतो. रविवारी दुपारी झोपायचं असलं तरी सकाळी माळा आवरायचा, पंखे पुसायचे, स्कूटर धुवायची आणि मग ‘आज फार दगदग झाली बुवा’ असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत आडवं व्हायचं, ही आपली रीत. अशा माणसाला समुद्रकाठच्या रिसॉर्टवर नेऊन पांढऱ्या आरामखुर्चीत टाकलं आणि ‘आता चार दिवस काहीही करू नका’ असं सांगितलं, तर पहिला दिवस तो कसाबसा काढतो. दुसऱ्या दिवशी बाथरूममधल्या शॉवरचं प्रेशर तपासतो. तिसऱ्या दिवशी स्विमिंग पूलच्या कडेच्या फरशा मोजतो आणि दोन सैल आहेत म्हणून रिसेप्शनवर कळवून येतो.

ही दुखरी नस रिसॉर्टवाल्यांना अचूक सापडली आहे. म्हणून हल्ली पॅकेजमध्ये हाफ मॅरेथॉन असते. तीन रात्री, चार दिवस, सकाळचा बुफे ब्रेकफास्ट, विमानतळावरून ने-आण आणि 21.0975 किलोमीटर. पैसे त्यांनी घ्यायचे, घाम आपण गाळायचा आणि वर ‘किती छान अरेंज केलंय’ हेही आपणच म्हणायचं. विकतचं श्राद्ध घ्यायला माणसं रांग लावतात ती अशी.

या आकड्याच्या शेपटीकडे जरा बघा. एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. हे साडेसत्त्याण्णव मीटर कुठल्याही शास्त्रातून आलेले नाहीत. 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनापुढे संपली. मोजलं तर भरलं 42.195 किलोमीटर. 1921 मध्ये तेच अंतर जगाने कायमचं मान्य केलं आणि त्याच्या निम्म्याला हाफ मॅरेथॉन म्हणायचं ठरलं. साम्राज्य गेलं, साडेसत्त्याण्णव मीटर राहिले. एकविसावा किलोमीटर संपल्यावर कमान समोर दिसत असते आणि पाय जागचे हलत नसतात, तेव्हा इंग्रजांबद्दल जी भावना मनात येते ती शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाने कधी आणली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हे धावणं आपल्यात शिरलं कुठून? तसं ते जुनंच आहे. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला आपली जी खेळाडू मंडळी गेली, त्यांच्या मागे पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि दोराबजी टाटा होते. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी पोरं पाहून दोराबजी थक्क झाले होते. ती पोरं धावपटू होती. आम्ही रनर आहोत. फरक असा की त्यांच्याकडे बूट नव्हते. आमच्याकडे बूट आहेत, घड्याळ आहे, घड्याळाला जोडलेला छातीचा पट्टा आहे, कोपरापर्यंतच्या बाह्या आहेत, पोटरीच्या घट्ट नळ्या आहेत, कमरेला जेलची पाकिटं आहेत, आणि आम्ही एकोणिसावे येत नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून आहे, मुंबईची 2004 पासून, साताऱ्याची यवतेश्वरच्या घाटातली हाफ 2012 पासून. त्यांच्या आगेमागे उपनगराउपनगरात रनिंग ग्रुप उगवले. प्रत्येक ग्रुपमध्ये एक कोच असतो, एक डॉक्टर असते, बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात, आणि ‘मी फक्त फोटोपुरता येतो’ म्हणणारा एक आयटीवाला असतो जो सगळ्यांच्या आधी पोहोचतो.

आमच्याही ग्रुपने एका ऑक्टोबरात दक्षिण गोव्याची अशी शर्यत धरली. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते. जानेवारीत मुंबईतसुद्धा पहाटे स्वेटर घालावासा वाटतो; निदान तसं म्हणावंसं वाटतं. ऑक्टोबर म्हणजे पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही आणि जमिनीत मुरलेलं चार महिन्यांचं पाणी वाफ होऊन वर निघालेलं. पण रिसॉर्टचे दर दिवाळीपर्यंत कमी असतात. काकांनी ग्रुपवर हिशेब टाकला आणि खाली लिहिलं, ‘उन्हाचं काय ते बघून घेऊ.’ दर कमी असले की मराठी माणूस हवामान बघून घेतो.

उन्हाचं काय असतं ते डॉक्टरबाईंनी बसमध्ये समजावून सांगितलं. धावताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, तिच्यातली साधारण चतुर्थांशच पायांच्या कामी येते. बाकीची उष्णता होते. म्हणजे माणूस हा मुळात बंब आहे आणि धावणं हा त्याचा जोडधंदा. ती उष्णता बाहेर टाकायला देवाने घाम दिला. पण घाम येऊन गारवा मिळत नाही, घाम वाळून मिळतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच बाष्प ठासून भरलेलं असेल तर तो वाळत नाही. तो टपकतो. कपाळावरून डोळ्यांत, कोपरावरून रस्त्यावर आणि पोटरीवरून बुटात. मग बूट पचक पचक वाजायला लागतात आणि मागून येणाऱ्याला वाटतं पुढे कुणी चिखलातून चाललंय. पहाटे गोव्याच्या हवेत दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. मोदकपात्राचं झाकण बसल्यावर आतल्या मोदकाला काय वाटत असेल, हे समजून घ्यायची ती उत्तम संधी आहे.

‘शरीराला सवय होते ना पण?’ काकांनी विचारलं.

‘होते की,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘दहा ते चौदा दिवसांत. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं.’

‘आपण किती दिवस आधी चाललोय?’

‘दीड.’

तो दीड दिवसही शरीराला उष्णतेची सवय लावण्यात गेला असता, तर गोष्ट वेगळी. रिसॉर्टची खोली आपण आत पाऊल टाकण्याआधीच अठरा अंशांवर आणून ठेवलेली असते. पैसे भरलेत म्हणून ती तशीच ठेवायची असते. पांघरूण घेऊन, वर ब्लँकेट चढवून, आत गुरगुटून झोपायचं आणि सकाळी त्या काश्मिरातून थेट मोदकपात्रात पाऊल टाकायचं. दार उघडल्याबरोबर चष्म्यावर धुकं बसतं. आमच्यातले निम्मे चष्मेवाले पहिली वीस पावलं भिंत चाचपडत गेले. शास्त्रशुद्ध धावायचं असेल तर दोन आठवडे आधी येऊन एसी बंद करून राहायला हवं. रिसॉर्टची त्याला हरकत नसते. घरच्यांची असते.

शर्यतीच्या आदल्या रात्रीला रनर लोकांत एक धार्मिक महत्त्व आहे. त्या रात्री कार्ब लोडिंग करायचं असतं. म्हणजे स्नायूंत साखरेचा साठा व्हावा म्हणून भात, पास्ता, बटाटा असं पिष्टमय खायचं असतं. एरवी वर्षभर पोळीला घाबरणारी माणसं त्या रात्री ताटात भाताचा ढीग घेऊन ‘उद्या लागेल’ असं पुटपुटत बुफेभोवती फिरतात. बुफेमध्ये पास्त्याचा लाइव्ह काउंटर होता. काका तिथे तीनदा गेले. चौथ्यांदा गेले तेव्हा आचाऱ्याने ओळखीचं हसून न विचारताच वाढलं. जी घरची माणसं धावणार नव्हती, त्यांनीही तेवढंच खाल्लं. विचारल्यावर कळलं की त्यांचं सपोर्ट क्रू म्हणून लोडिंग चाललंय.

त्याआधी बिब घेण्याची रांग. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद आणि चार सेफ्टी पिना. सोबत टी-शर्ट. टी-शर्टच्या टेबलाशी मराठी माणसाचा खरा कस लागतो. अंगाला एम बसतो, पण एक्सएल मागितला तर मेव्हण्यालाही होईल, असा विचार करताना रांग अडते. शर्यतीत आपलं काय होणार हे उद्या कळणार असतं, पण टी-शर्ट कुणाला जाणार हे त्याने आधीच ठरवलेलं असतं.

शर्यत पाचची होती. प्रमुख पाहुणे सव्वापाचला आले. तोवर मंचावर दोन मुलींनी झुंबा करवून घेतला. एकवीस किलोमीटर धावायच्या आधी अर्धा तास नाचायला लावणं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं ठाऊक नाही, पण निवेदक इतका उत्साहात होता की न नाचणाऱ्याला अपराध्यासारखं वाटावं. ‘गोवा, आर यू रेडी?’ असं तो विचारत होता. तिथे गोव्याचं कुणीच नव्हतं. गोवा शहाणा होता, तो झोपला होता. डोंबिवली, कोथरूड, ठाणे आणि बंगळुरू मात्र एका सुरात ‘येस’ म्हणाले. मग पाहुण्यांनी झेंडा दाखवला. पाहुणे स्वतः चारचाकीतून मंचापर्यंत आले होते आणि झेंडा दाखवून झाल्यावर त्याच चारचाकीतून ब्रेकफास्टला गेले.

साळ नदी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून कॅव्हेलोसिम, वार्का, बाणावली करत कोलव्याकडे जायचं आणि तसंच परत यायचं, असा रस्ता. सपाट, माडांखालचा, दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि पांढरी चर्च. पहाटे त्या रस्त्यावर दोनच जातींची माणसं जागी असतात. एक, जी अजून झोपलेली नाहीत. दुसरी, जी उठायलाच नको होती. पहिल्या जातीचे पर्यटक रात्रभराची पार्टी आटोपून, हातात चपला घेऊन परतत होते. ते आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. दोघांच्याही नजरेत सारखीच कीव होती. त्यांतल्या एकाने टाळ्या वाजवून आम्हाला धीर दिला आणि मग तोल जाऊन कुंपणाला धरलं.

आणि एक तिसरा माणूस होता, ज्याला या दोन्ही जातींशी देणंघेणं नव्हतं. तो पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे भली मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आत गरम पाव, पोई, उंडे आणि काकणं. पों पों करत तो आमच्या पुढे चालला होता. प्रत्येक घरासमोर थांबायचा, पाव मोजून द्यायचा, सुटे पैसे परत करायचा, दोन शब्द बोलायचा आणि पुन्हा पायडल मारायचा. बरेच किलोमीटर तो पाव विकत विकत आमच्या पुढे होता. त्याच्या छातीवर ना बिब, ना मनगटावर घड्याळ. आमचे कोच म्हणाले, ‘बघा, कसा एकसारखा पेस आहे!’ त्या ताज्या पावाच्या वासाने मात्र शर्यतीतल्या अनेकांचा पेस बिघडला.

कुत्र्यांचा उल्लेख केल्याशिवाय गोव्यातल्या पहाटेचं वर्णन पुरं होत नाही. तिथली कुत्री स्वभावाने सुस्त. दिवसभर रस्त्याच्या मधोमध झोपतात, मोटारींनाच वळसा घालायला लावतात. पण फ्लोरोसंट पोपटी टी-शर्टातली शंभर माणसं पळत आल्यावर त्यांचंही कर्तव्य जागं झालं. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची पाळी आली तेव्हा पाण्याच्या टेबलाशी पोहोचलो होतो, म्हणजे इथे भीकही नकोशी नव्हती. तरी आमचं नशीब थोर. 1904 च्या सेंट लुई ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या लेन ताउन्यानेला कुत्र्याने मार्ग सोडून लांबवर पळवलं होतं. तरी तो नववा आला. कुत्रं मागे लागलं नसतं तर कितवा आला असता, यावर अजून वाद आहे.

बाणावली आलं तेव्हा उजाडलं. परशुरामाने सह्याद्रीवरून समुद्राकडे बाण सोडला आणि तो जिथे पडला ते हे गाव, अशी कथा आहे. त्या दमट उजेडात त्या कथेतली मेख कळली. परशुरामाने बाण पाठवला. तो स्वतः धावत आला नाही.

सूर्य वर आला आणि शर्यतीतलं बोलणं बंद झालं. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये माणसं गृहकर्ज, मुलांची बारावी आणि सोसायटीच्या पार्किंगवर बोलत असतात. दहाव्या किलोमीटरपर्यंत फक्त घड्याळावर बोलतात. बाराव्याला स्वतःशी बोलतात. पंधराव्यानंतर देवाशी. मध्येच फोटोग्राफर दिसला की सगळे एकाएकी धावायला लागतात, मान वर, छाती पुढे, दोन बोटांचं विजयचिन्ह. फोटोग्राफर मागे पडला की पुन्हा चालायला लागतात. रनिंगच्या फोटोंत चालणारा माणूस कधी का दिसत नाही, याचं उत्तर हेच.

पाण्याच्या टेबलांवर दोन मतांचे लोक असतात. एक म्हणतात, तहान लागो न लागो, प्यायचं. दुसरे म्हणतात, तहान लागली की प्यायचं. डॉक्टरबाई दुसऱ्या पक्षाच्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ज्या धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या 13 टक्क्यांचं सोडियम कमी भरलं होतं. हे ऐकल्यावर काकांनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि टेबलावरचं मिठाचं पाकीट उचललं. शेजारी एका गावकरी बाईने स्वतःच्या हौसेने आमसुलाचं सरबत ठेवलं होतं. मीठ, साखर, जिरं, गारवा, सगळं त्यात होतं. आयोजकांच्या निळ्या रंगाच्या परदेशी पेयाचं टेबल भरलेलं राहिलं आणि सरबताचं भांडं तळाला गेलं.

उन्हात धावण्याचा इतिहास हा मोठा बोलका आहे आणि तो सगळा थांबणाऱ्यांच्या बाजूने आहे. सेंट लुईच्या त्याच शर्यतीत तापमान बत्तीस अंशांच्या घरात होतं. रस्त्यावर धुळीचे लोट होते आणि पाणी जवळजवळ नव्हतंच, कारण पाण्यावाचून माणूस किती चालतो याचा आयोजकांना अभ्यास करायचा होता. 32 जण निघाले, 14 पोहोचले. जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत अंड्याच्या पांढऱ्यातून स्ट्रिक्नीन पाजलं होतं. ते उंदीर मारायला वापरत. क्यूबाचा पोस्टमन फेलिक्स कार्वाहाल याने मात्र वाटेत एका बागेत शिरून सफरचंदं खाल्ली. ती बाधली, पोटात कळ आली, म्हणून तो चक्क आडवा झाला. मग उठून धावला आणि चौथा आला.

1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकलाही असंच ऊन होतं. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो जिद्दीने धावत राहिला, कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने बेजार झाला. रस्त्याकाठच्या एका बंगल्याच्या बागेत लोक काहीतरी गार पीत बसले होते. तो आत गेला, त्यांच्याबरोबर प्यायला, विसावला आणि शर्यत सोडून कुणालाही न सांगता मायदेशी गेला. स्वीडनमध्ये तो हरवल्याची नोंद झाली. 1967 मध्ये त्याला सन्मानाने बोलावून शर्यत पुरी करू दिली. वेळ लागला 54 वर्षं, 8 महिने, 6 दिवस आणि वर काही तास. जगातली सर्वांत संथ मॅरेथॉन त्याच्या नावावर आहे. तो ब्याण्णव वर्षं जगला. मधल्या काळात तो अँटवर्पलाही धावला होता आणि सोळावा आला होता, आपल्या चौगुल्यांच्या तीनच जागा पुढे. उन्हात बागेत बसून गार प्यायल्याने माणसाचं काही बिघडत नाही, याला याहून मोठा पुरावा कुठला हवा?

आता तर मोठ्या लोकांनीही शहाणपण धरलंय. 2019 मध्ये दोह्याला जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली. तरी 68 जणी निघाल्या आणि 40 पोहोचल्या. टोकियोचं ऑलिम्पिक आलं तेव्हा मॅरेथॉनच उचलून उत्तरेला साप्पोरोला नेली. ज्यांच्या पायांचा विमा काढतात त्यांच्यासाठी शहरं बदलतात. आम्हाला फक्त पाचऐवजी सव्वापाच मिळाले.

चौदाव्या किलोमीटरच्या सुमारास एक मोटारसायकल पायलट आमच्याबरोबर हळूहळू चालायला लागला. गोव्यात दुचाकीची टॅक्सी असते आणि ती चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. पुढचा मडगार्ड पिवळा. त्याने काकांकडे पाहिलं, घामाकडे पाहिलं आणि धंद्याच्या सुरात विचारलं, ‘मडगाव?’ काका एक क्षण थांबले. तो क्षण फार मोठा होता. 1904 साली फ्रेड लॉर्झ असाच दमून मोटारीत बसला, पुढे उतरून पळत स्टेडियममध्ये शिरला आणि त्याला विजेता म्हणून मिरवलंही. मग भांडं फुटलं. काकांना हे मी सांगितलं. काका म्हणाले, ‘त्याच्या बुटाला टायमिंग चिप नव्हती, आमच्या बुटाला आहे,’ आणि सुस्कारा सोडून चालू लागले. माणसाचा प्रामाणिकपणा तंत्रज्ञानाने वाढवलाय यात शंका नाही.

त्यानंतर बाल्कावावर, म्हणजे घराच्या पुढच्या ओट्यावर, एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले. हातात चहा, खांद्यावर टॉवेल. बहुधा पहाटेपासून हा सगळा जथा बघत असावेत. काका समोरून लंगडत जाताना त्यांनी विचारलं, ‘कित्याक धांवता रे?’ का धावतोस? हा प्रश्न विचारायचे कष्ट घेतलेला एकही माणूस तोवर भेटला नव्हता. काकांनी आवाक्यातलं उत्तर दिलं, ‘मेडल मिळतं.’ म्हातारबुवांनी ते तोलून पाहिलं. मग म्हणाले, ‘सवकास वच, पुता, सवकास.’ हळू जा, बाळा, हळू. बासष्ट वर्षांच्या काकांना बऱ्याच दिवसांनी कुणी बाळा म्हणालं होतं. ते सवकास गेले. आम्हीही गेलो. ऊन तेवढंच होतं, पण त्यानंतरचे किलोमीटर बरे गेले, कारण आम्ही एकमेकांना ‘धावतोय’ असं सांगणं बंद केलं.

अशा शर्यतीला अधिकृत कट-ऑफ असतो. ठरल्या वेळेच्या आत पोहोचला नाहीत तर मेडल नाही. रिसॉर्टवरच्या शर्यतीला त्याखेरीज एक खरा कट-ऑफ असतो, तो म्हणजे ब्रेकफास्ट बंद होण्याची वेळ. साडेनऊच्या सुमारास मार्गावरच्या चर्चेचा विषय हाच होता. ‘बुफे साडेदहापर्यंत असतो.’ ‘डोसा काउंटर दहालाच बंद होतो.’ हे वाक्य कानावर पडताच ज्यांचे पाय दुखत होते ते दुखायचे थांबले. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ग्रुपमधल्या अनेकांनी आपला सर्वोत्तम वेग नोंदवला. ते घड्याळात साठवलेलं आहे.

कमानीखालून गेल्यावर गळ्यात मेडल पडतं. मेडल वजनदार असतं. त्यावर माड, लाट आणि प्रायोजकाचं चिन्ह असतं. मग हिशेब. सत्तर किलोचा माणूस एकवीस किलोमीटर गेला तर ढोबळमानाने दीड हजार किलोकॅलरी जाळतो. दोन मसाला डोसे, पुरी-भाजी, चीज ऑम्लेट, दोन क्रोसाँ, मफिन आणि संत्र्याचा रस मिळून हा सगळा धंदा पाऊण तासात फिटतो. वर एक गोड राहतं. काकांनी ते ‘रिकव्हरी’ म्हणून खाल्लं.

आणि मग ते घडलं ज्यासाठी हे सगळं होतं. दुपारी बाराला आमचा आख्खा ग्रुप स्विमिंग पूलभोवतीच्या त्या पांढऱ्या आरामखुर्च्यांवर पसरला. कुणी शॉवर तपासला नाही, कुणी फरशा मोजल्या नाहीत. कुणाच्या मनात अपराधीपणा नव्हता. मेडल पोटावर ठेवून माणसं घोरत होती. शेजारच्या खुर्च्यांवर दिल्लीचं एक कुटुंब पहाटेपासून तसंच पडून होतं. त्यांनी काहीच कमवलेलं नव्हतं. तरी त्यांची झोप आमच्याइतकीच गाढ होती, हे मात्र मनाला लागलं.

यावरून माझं मत पक्कं झालंय. रिसॉर्टने आम्हाला शर्यत विकली नाही. आराम करण्याचा परवाना विकला. तो घरबसल्या मिळत असता तर एवढा घाम गाळायला कुणी गेलं नसतं. पण घाम गाळायचाच असेल, तर उन्हाचे नियम पाळा. पोहोचल्यावर एसी पंचविसाच्या खाली नेऊ नका. रोजच्यापेक्षा हळू निघा, कारण दमट हवेत घड्याळातल्या जुन्या आकड्यांना अर्थ नसतो. तहान लागली की प्या, पाण्याबरोबर मीठ घ्या, गावकऱ्यांनी सरबत दिलं तर नाही म्हणू नका. डोकं गरगरलं, शहारा आला, घाम एकाएकी थांबला किंवा बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं, तर सावलीत बसा, अंगावर गार पाणी ओतून घ्या आणि डॉक्टरला हाक मारा. शर्यत सोडल्याने नाव जात नाही. कानाकुरीचं तर त्यानेच अजरामर झालं.

आणि एवढं करूनही पहाटे गजर वाजला तेव्हा उठावंसं वाटलं नाही, तर खुशाल झोपा. ब्रेकफास्ट धावणाऱ्यालाही तेवढाच मिळतो आणि झोपणाऱ्यालाही तेवढाच. तो पॅकेजमध्ये आहे.